एका घरात दोन फोडण्या

रेणूच्या जगात संध्याकाळ इतरांपेक्षा लवकर होत असे. तिला स्वतःला मात्र हे ठाऊक नव्हतं. आपल्याला जसं दिसतं तसंच सगळ्यांना दिसत असणार, असं कुणीही माणूस धरून चालतो, आणि रेणू तर अवघी नववीत होती.

कराडच्या तिच्या शाळेचं मैदान नदीच्या अंगाला होतं. सूर्य पलीकडच्या उसाआड गेला की मैदानावर राखी उजेड उरायचा, आणि त्या उजेडात मुली आणखी बराच वेळ खो-खो खेळायच्या. मैदानाचे दिवे त्यानंतर लागत. त्या मधल्या वेळात रेणूला नुसते आवाज ऐकू यायचे आणि माणसांच्या जागी काळसर ठिपके हलताना दिसायचे. हिवाळा आहे, लवकर अंधारतं, असं ती मनाशी म्हणायची. बाकीच्या मुली त्या अंधारात एवढ्या सुसाट कशा धावतात, याचं तिला नवल वाटायचं. त्या धीट आणि आपण भित्री, असा तिने अर्थ लावून टाकला होता.

सराव संपला की शिफा फाटकाशी उभी राहायची. शिफा मुलाणी आणि रेणू पहिलीपासून एका बाकावर बसत आल्या होत्या. शिफा लांबून हात हलवायची आणि रेणू तिच्या अगदी जवळून सरळ पुढे निघून जायची. पहिल्यांदा शिफाला वाटलं, गंमत करतेय. मग वाटलं, कशाचा तरी राग आलाय. पुढे तिने हात हलवणं सोडलं, आणि मग थांबणंही सोडलं. इकडे रेणूला एवढंच कळलं, की शिफा आताशा आपल्यासाठी थांबत नाही. दोघींनी एकमेकींना काही विचारलं नाही. त्या वयात विचारण्यापेक्षा रुसणं सोपं जातं.

जिल्ह्याच्या स्पर्धेची निवड जवळ आली तशा शिंदेबाई सराव लांबवू लागल्या. अशाच एका संध्याकाळी रेणूच्या पाठीवर थाप पडली, कानाशी ‘खो’ आला आणि ती उठून धावली. जिला पकडायचं ती मुलगी केव्हाच खांबाला वळसा घालून गेली होती. रेणू तशीच रिकाम्या मैदानात धावत राहिली. मुली हसल्या. हसण्याच्या रोखाने ती गोंधळून वळली आणि रांगेत बसलेल्या शिफावर जाऊन आदळली. तिचा गुडघा शिफाच्या तोंडावर बसला.

शिफाचा ओठ फाटला. बाई पाणी आणायला धावल्या.

“दिसत नाही का गं तुला?” शिफा रुमालाने ओठ दाबत म्हणाली.

“मी मुद्दाम नाही केलं.”

“मुद्दाम कशाला करशील? कुणाकडे बघायचंच नाही असं ठरवलंयस तू.”

“राणीसरकार आहेत त्या,” मागून कुणीतरी म्हणालं. “प्रजेकडे काय बघायचं?”

हे कोण बोललं ते रेणूला कळलं नाही, कारण चेहरे दिसत नव्हते. दिसले असते तर शिफाच्या डोळ्यांत राग कमी आणि पाणी जास्त आहे, हेही तिला समजलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सांगितलं, मला आता खेळायचं नाही. कारण अभ्यासाचं दिलं. बाईंनी दोनदा समजावून पाहिलं, मग तिचं नाव संघातून काढलं.

तेव्हापासून शाळा सुटली की ती घरी यायची आणि सगळे दिवे लावून बसायची. घरात कुणी नसायचं. आई, मानसी, जपानमध्ये ओसाकाला वृद्धांच्या दवाखान्यात परिचारिका होती. तिकडे म्हातारी माणसं फार आणि त्यांना आधार देणारे तरुण हात थोडे, म्हणून आपल्याकडच्या पुष्कळ जणी गेल्या होत्या. बाबा, केदार मिरजकर, शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर होता आणि दिवेलागणी झाल्यावरच परतायचा. तो आला की ओट्यावरचं एक पांढरं यंत्र मंद गुणगुणायला लागायचं. त्याचं नाव स्निग्धा.

या घराचं सगळं गणित स्निग्धावर बेतलेलं होतं, म्हणून तिची हकिगत आधी सांगायला हवी.

गोड, खारट, आंबट ओळखणारे सूक्ष्म ग्राहक जसे जिभेवर असतात, तसे स्निग्ध पदार्थ ओळखणारेही असतात. कुलपात त्याचीच किल्ली बसावी तसा तेला-तुपातला कण त्या ग्राहकात बसतो आणि मेंदूला निरोप जातो, की तूप आलं. शास्त्रज्ञांनी त्या कुलपाला लागणारी दुसरीच किल्ली घडवली. ते एक प्रथिन होतं, त्यात तेला-तुपाचा अंशही नव्हता. स्निग्धा थोडं पाणी, थोडा झाडाचा डिंक आणि या प्रथिनाचा थेंब एकत्र घुसळायची. त्यातून जे निघे ते तुपासारखं दिसे आणि तुपासारखंच जिभेवर पसरे. बटण बदललं की शेंगदाण्याचं तेल, आणखी बदललं की लोणी. मोहरी पाण्यात तडतडत नाही, म्हणून बनवणाऱ्यांनी यंत्रात तडतडण्याचा आवाजही भरून दिला होता. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या, त्यांना ही स्निग्धा वरदान वाटली, आणि ती होतीही.

केदार त्यांच्यातलाच. त्याचे वडील दिवाळीच्या फराळाला बसले असतानाच छातीत कळ येऊन गेले. चकलीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच राहिला होता. रेणू तेव्हा त्यांच्या शेजारी बसली होती. पुढे काही वर्षांनी केदारच्याही छातीत दुखलं, रक्तवाहिनीत जाळी बसवावी लागली, आणि हृदयाचे डॉक्टर जरा रागावूनच म्हणाले, “तेल-तूप विसरा आता. वडिलांचं काय झालं ते आठवा.” तेव्हाही रेणू शेजारीच होती.

स्निग्धा बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं होतं, की हे मोठ्यांसाठी आहे, हृदयाचा त्रास असलेल्यांसाठी. मानसीने ते ऐकलं आणि हसून म्हटलं, “अहो, एका घरात दोन फोडण्या कोण घालणार?” आपल्याकडे भाजीचं पातेलं एकच असतं. आजाऱ्याचं पथ्य असेल तर सगळं घर ते पाळतं, आणि त्यालाच माया म्हणतात. ओसाकाला जाण्याआधी मानसीने सगळा स्वयंपाक स्निग्धावर आणून ठेवला आणि साईचं दूध, दाणे, तीळही बंद केले.

एक रीत मात्र तिने मोडू दिली नाही. ताटात भात वाढला, वरण वाढलं, भाजी वाढली, तरी हात लावायचा नाही. भातावर तुपाची धार पडली की अन्न शुद्ध झालं, मग पहिला घास. रोज जेवणाच्या वेळी तिचा फोन यायचा. तिकडे मध्यरात्र होत आलेली असे, ती कामावरून नुकती परतलेली असे.

“तूप वाढलं का?”

“वाढलं.”

“मग जेवा.”

पहिले काही महिने सगळे ‘स्निग्धाचं तूप’ म्हणत. मग शब्द झिजला आणि नुसतं ‘तूप’ उरलं.

रेणूने एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. जेवून उठल्यावर पोट भरलेलं असे, पण जेवल्यासारखं वाटत नसे. तिच्या हातापायांची कातडी मासळीच्या खवल्यासारखी सुटत होती, केस विंचरताना गुंतवळ हातात येत होतं. थंडी आहे, असं ती म्हणायची. तिच्याजवळ सगळ्याला थंडीचं एकच कारण होतं.

अशाच एका रविवारी संध्याकाळी बापलेक भाजी आणायला खाली उतरले. केदार चार पावलं पुढे होता.

“बाबा, थांब ना. कुठे गेलास?”

“इथेच आहे की.”

“इथे म्हणजे कुठे?”

केदार वळला. रेणू त्याच्याकडेच तोंड करून उभी होती आणि तिचे हात किंचित पुढे आले होते, अनोळखी खोलीत शिरताना येतात तसे. त्याने हात वर केला. तिची नजर हलली नाही. त्याने हात खाली घेतला.

“कधीपासून असं दिसत नाही तुला?”

“अंधार आहे ना बाबा.”

“रेणू, त्या समोरच्या भिंतीवर लिहिलंय ते मला वाचता येतंय.”

ती भिंतीच्या दिशेने वळली. मग तिने विचारलं, “सगळ्यांना वाचता येतंय?”

“सगळ्यांना.”

रेणूने मान खाली घातली. केदारला वाटलं, घाबरली. पण तिला शाळेचं फाटक आठवत होतं. तिथे कुणीतरी रोज उभं असेल, आणि आपण रोज पुढे निघून गेलो असू.

डॉक्टर हेमा गुजर यांनी तिचे डोळे बराच वेळ तपासले. बाई समजावून सांगणाऱ्या होत्या.

“डोळ्याच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. एक भर उजेडात काम करतात, दुसऱ्या मंद उजेडात. मंद उजेडाच्या पेशींना एक रंगद्रव्य लागतं आणि ते ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनतं. तुझं ते संपत आलंय. याला जुना शब्द आहे, रातांधळेपणा. हा आजार मी पुस्तकातच जास्त पाहिलाय. तुझ्यासारख्या खात्यापित्या घरात तो आला कसा? गाजर खातेस?”

“रोज.”

“पालेभाजी? पपई?”

“ते पण.”

“आणि तेल-तूप? कारण हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. हळदीसारखं. पाण्यात हळद टाकलीस तर तळाशी जाऊन बसते. तेलात टाकलीस तर तिचा रंग तेलात उतरतो. गाजर कितीही खाल्लंस, पण सोबत स्निग्ध काही नसेल, तर त्यातलं ‘अ’ आतड्यातून तसंच पुढे निघून जातं.”

“डॉक्टर, भातावर तुपाची धार पडल्याशिवाय ती घास उचलत नाही,” केदार म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच आठवलं नाही.

डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. “मग यकृतात किंवा आतड्यात काहीतरी बिघाड आहे. उद्या रक्त घेऊ आणि औषध सुरू करू. पण फुटक्या घागरीत पाणी भरून काय उपयोग, भोक कुठे आहे ते शोधायला हवं. पुण्याला नेऊन तोंडातून नळी घालून आतडं बघावं लागेल. घशाला त्रास होतो थोडा.”

रेणू हळदीपाशीच अडकली होती.

घरी आल्यावर केदार रजेसाठी फोन करत बाहेर उभा राहिला, तेव्हा तिने दोन वाट्या घेतल्या. एकीत स्निग्धाचं तूप काढलं. दुसरीत काय घालावं ते तिला सुचेना, कारण घरात दुसरं काही नव्हतंच. मग देवघरातली बाटली दिसली. समईसाठी तिळाचं तेल आणलं जायचं. दोन वर्षं या घरात खरं तेल फक्त देवाला मिळत होतं.

दोन्ही वाट्यांत तिने चिमूटभर हळद टाकली, ढवळली आणि वाट पाहिली. समईचं तेल हळूहळू सोनेरी झालं. स्निग्धाच्या वाटीत हळद तळाशी जाऊन गप्प बसली, आणि वरचं पांढरं पांढरंच राहिलं.

घागरीचं भोक तिला सापडलं होतं. आता फक्त बाहेर जाऊन बाबाला सांगायचं होतं. ती दारापर्यंत गेलीही. तिथे तिला चकलीचा तुकडा दिसला, आजोबांच्या बोटांत तसाच राहिलेला. आपण सांगितलं की उद्या खरं तेल घरात येणार. एका घरात दोन फोडण्या कोण घालणार? मग तेच बाबाच्या ताटात पडणार, आणि आई ओसाकाला, आणि आपण इथे.

तिने वाट्या आणि बाटली देवघराच्या मागे सरकवून ठेवली.

जेवताना फोन आला. डॉक्टर काय म्हणाल्या, नळी कधी, सोबत कोण जाणार, हे सगळं बोलून झाल्यावर मानसीने नेहमीचं विचारलं, “तूप वाढलं का?”

“वाढलं,” रेणू म्हणाली. हे एवढंसं उत्तर तिला आजवर कधी जड गेलं नव्हतं.

“मग जेवा.”

तिने भात कालवला आणि तसाच चिवडत बसली.

“बाबा, नळी घालताना दुखतं का?”

“नाही गं. घसा बधिर करतात. भीती वाटतेय?”

“नाही.”

केदारला तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. जी माणसं एकटीने काही ठरवून बसलेली असतात त्यांचे चेहरे फार शांत असतात.

सकाळी देवाची पूजा केदारच करायचा. समईत तेल घालायला त्याने बाटली शोधली, ती जागेवर नव्हती. देवघराच्या मागे हात घातला तर दोन वाट्या लागल्या. त्याने त्या खिडकीपाशी आणल्या. एक सोनेरी, एक पांढरी. आयुष्य पाण्याच्या कामात गेलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. डॉक्टरांच्या खोलीत आपण काय म्हणालो होतो, ते त्याला शब्दन् शब्द आठवलं.

रेणू दात घासून आली आणि दारात थबकली.

“हे तू काल केलंस?”

“हं.”

“मग मला का नाही बोललीस?”

“तू खरं तेल आणलं असतंस.”

“आणलंच असतं. आणायला नको?”

“आणि मग तू पण तेच खाल्लं असतंस.” तिचा आवाज बारीक झाला. “आजोबांनी पण तेच खाल्लं होतं.”

केदारने वाट्या खाली ठेवल्या. आपल्याला जपायला ही पोर न दिसणाऱ्या डोळ्यांनी पुण्याला नळी गिळायला निघाली होती, आणि शेजारच्या खोलीत झोपून आपल्याला पत्ता नव्हता.

“दुखत नाही म्हणालास ना तू,” ती म्हणाली, जणू तिची काही चूक झाली होती.

“मला काय माहीत दुखतं की नाही? मी कधी गिळलीय?” त्याने डोळे पुसले. “दोन फोडण्या घालू आपण.”

“कोण घालणार?”

“मी.”

“तुला एक धड जमत नाही.”

“मग दुसरी तू शिकव.”

त्याच दिवशी डॉक्टरांनी पुण्याची चिठ्ठी फाडून टाकली. स्निग्धाचं ऐकल्यावर त्या आधी केदारवर आणि मग स्वतःवर चिडल्या, की आपण एक प्रश्न कमी विचारला. मग त्यांनी खुर्ची रेणूकडे वळवली.

“जिभेला फसवता येतं, आतड्याला नाही येत. तुझं वय वाढीचं आहे. रोज तुला जी ऊर्जा लागते, तिचा पाव हिस्सा किंवा थोडा जास्तच स्निग्ध पदार्थांतून यायला हवा. मेंदूत एकीकडून दुसरीकडे निरोप नेणाऱ्या तारा असतात. विजेच्या तारेवर जसं रबर चढवतात, तसं त्यांच्यावर स्निग्ध पदार्थाचं वेष्टण चढत असतं, आणि ते काम तुझ्या वयात जोरात चालू असतं. पाळी नियमित यायलाही स्निग्ध लागतं. म्हणजे रोज वडे तळ असं नाही हं. शेंगदाणे, तीळ, दूध, भाजीला बेताचं तेल, भातावर चमचाभर तूप.” मग त्या केदारकडे वळल्या. “वाढत्या रोपाला आणि जुन्या झाडाला एका मापाने पाणी घालत नाहीत, मिरजकर. आणि अगदी शून्य तुम्हालाही बरं नाही. तुमचं माप हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.”

त्या संध्याकाळी ओट्यावर दोन कढल्या होत्या. केदारने एकीत तेल ओतलं, विस्तवाला हात लावावा तसं जपून. मोहरी पडली. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक दाणा उडाला, दुसरा उडाला, आणि अख्खी कढली तडतडायला लागली. कढीपत्त्याचा वास थेट जिन्यापर्यंत गेला. शेजारी यंत्रही आपली भरलेली तडतड वाजवू लागलं. रेणूने दोन्ही आवाज ऐकले आणि यंत्राचा बंद केला.

भातावर केदारने खरं तूप वाढलं. ते आधी एका जागी थांबलं आणि मग उन्हातल्या मेणासारखं भातात उतरत गेलं. आपल्या ताटात त्याने स्निग्धा घेतली. दोघे हात मांडीवर ठेवून फोनची वाट पाहत बसले.

“तूप वाढलं का?” मानसीने विचारलं.

“माझ्या भातावर तूप,” रेणू म्हणाली. “बाबाच्या भातावर स्निग्धा.”

मानसी पडद्यावर स्तब्ध झाली. फोन अडकला असं वाटलं, पण तिच्या मागच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. सकाळी केदारने तिला सगळं सांगितलं होतं. दोन फोडण्या कोण घालणार, हे वाक्य कुणाचं, ते त्याने सांगितलं नव्हतं आणि तिला सांगावंही लागलं नव्हतं.

“कोणी घातल्या?” शेवटी तिने विचारलं.

“बाबाने. एक करपलीय.”

“कुठली?”

“माझी.”

मानसी हसायला गेली आणि तिला ते नीट जमलं नाही. “मग जेवा,” ती म्हणाली, पण फोन ठेवला नाही. दोघांचं जेवण होईपर्यंत ती बघत राहिली. रेणू अर्ध्या भातावरच थांबली. बस, असं तिला आतून वाटलं. हे वाटणं इतकं जुनं होतं की ओळखायला तिला वेळ लागला.

औषधाने डोळे लवकर सुधारले. कातडी आणि केस सावकाश सुधारत होते. पण गेलेले दिवस कुठल्या औषधाने परत येत नाहीत. रेणूशिवायच संघ जिल्ह्याला गेला आणि दुसऱ्या फेरीत हरून आला. वर्गात शिफा आता पुढच्या बाकावर बसायची. तिच्या ओठावर एक बारीक पांढरी रेघ राहिली होती. तिला सगळं सांगायचं असं रेणू रोज ठरवायची आणि घंटा वाजली की राहून जायचं. मला दिसत नव्हतं, हे वाक्य मनात खरं वाटे आणि ओठांशी आलं की सबबीसारखं.

शेवटी एका संध्याकाळी ती शाळा सुटल्यावर घरी गेली नाही. मैदानाच्या फाटकाशी, शिफा उभी राहायची त्याच जागी, जाऊन उभी राहिली. सूर्य उसाआड गेला. राखी उजेड पसरला, आणि त्या उजेडात सगळं होतं. खांब होते, चुन्याच्या रेषा होत्या, मुलींचे घामेजलेले चेहरे होते. संध्याकाळ एवढी मोठी असते, हे ती विसरून गेली होती. कुणीही तिच्याकडे पाहत नव्हतं.

सराव सुटला. मुली घोळक्याने बाहेर पडल्या आणि शिफा सगळ्यांत मागे, एकटी, दप्तर एका खांद्यावर टाकून आली.

रेणूने हात वर केला आणि हलवला.

शिफा थांबली. तिने रेणूकडे पाहिलं, मग हा हात कुणासाठी आहे ते बघायला मागे वळून पाहिलं. मागे मैदान रिकामं होतं.